सॅकचा कार्पेट एरिया

पुण्यात फ्लॅट बघायला सुरुवात केली की पहिल्याच रविवारी तीन शब्द पाठ होतात. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप. जाहिरातीत हजार स्क्वेअर फूट, प्रत्यक्षात सोफा ठेवला की गॅलरीत जायला वाट उरत नाही, आणि बाकीचे स्क्वेअर फूट जिन्यात, लिफ्टमध्ये नि क्लबहाऊसमध्ये सांडलेले. २०१६ साली रेरा कायदा आला, त्यात कार्पेट एरियाची व्याख्या आली (आतल्या भिंती धरायच्या, बाल्कनी नि गच्ची धरायची नाही) आणि निदान कागदावर तरी सगळे बिल्डर एकाच पट्टीने मोजायला लागले.

आता हीच चाणाक्ष मंडळी ट्रेकसाठी सॅक घ्यायला जातात तेव्हा काय करतात? "४५ ची आहे का? नको, ५५ ची दाखवा." बस्स. लेबलवरचा आकडा वाचायचा, किंमत बघायची, रंग आवडला की कार्ड स्वाइप. लिटर म्हणजे लिटर, त्यात काय बघायचंय?

दर जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमच्या हापिसात हा प्रश्न येतोच. "अरे, तू ट्रेकला जातोस ना? मग ४५ घेऊ की ६०?" विचारणारा बहुतेक वेळा नुकताच नोकरीला लागलेला असतो, पगारातले चार-सहा हजार बाजूला काढून बसलेला. टपरीवरचा चहा संपेपर्यंत याचं उत्तर कधीच पुरं होत नाही. म्हणून म्हटलं, या शनिवारी बसून एकदाचं लिहूनच काढावं.

तर मंडळी, मुळात सॅकचं 'लिटर' मोजतात कसं? बादली मोजणं सोपं, पाणी ओतलं की झालं. सॅकमध्ये पाणी ओतता येत नाही. शिवणीतून गळेल आणि नाही गळलं तरी ४५ किलो वजनाने पट्टे तुटतील. पुन्हा बादलीला स्वतःचा आकार असतो, सॅकला नसतो. सॅक म्हणजे शेवटी कापडाची पिशवी. जे भराल तसा तिचा आकार.

यावर अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक रीत ठरवून दिली आहे. तिचं नाव एएसटीएम एफ २१५३. साधारण २० मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे घ्यायचे, सॅकच्या कप्प्यांत भरायचे, मग तेच गोळे काढून मोजपात्रात ओतायचे आणि किती लिटर भरले ते वाचायचं. गोळ्यांच्या मधल्या फटींचं काय, असा प्रश्न इंजिनियर माणसाला पडणारच. पण फटी सॅकमध्येही असतात नि मोजपात्रातही असतात, त्यामुळे त्यांचा हिशोब बराचसा आपोआप कटतो. युक्ती छान आहे.

आणि त्यातली मुख्य अट अशी, की जे कप्पे पूर्ण बंद होतात तेवढेच धरायचे. म्हणजे मुख्य कप्पा, वरच्या झाकणातला कप्पा, चेनवाले खिसे. बाजूचे जाळीचे खिसे, ज्यात आपण पाण्याची बाटली खोचतो, ते उघडे असतात म्हणून धरायचे नाहीत. थोडक्यात, बाल्कनी वगळून. सॅकचा कार्पेट एरिया म्हणा ना.

पण (इथे मोठा 'पण' आहे) ही रीत पाळायची सक्ती कुणावरच नाही. सॅकना रेरा लागू नाही! काही कंपन्या याच पद्धतीने मोजतात, काही नुसता मुख्य कप्पा सांगतात, तर काही जाळीचे खिसे, समोरचा ताणला जाणारा मोठा खिसा, कमरेच्या पट्ट्यावरचे बटवे हे सगळं धरून बेरीज सांगतात. विशेषतः 'अल्ट्रालाइट' म्हणून ज्या हलक्या सॅक मिळतात, त्यांतल्या काहींमध्ये उघडे खिसे हाच मोठा हिस्सा असतो. त्यामुळे आकड्यात ६० दिसणाऱ्या सॅकचा आतला कप्पा ४० च्या आसपास निघू शकतो. यात खोटं कुणीच बोलत नाही हं. आपण १ टीबीची डिस्क आणतो आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं, त्यातलाच प्रकार. डिस्कवाला हजाराने भागतो, विंडोज १०२४ ने भागतं. दोघांचंही गणित बरोबर, व्याख्या वेगळी.

लेबल वाचताना आणखी दोन गमती. एक म्हणजे '५५+१०' असं लिहिलेलं असतं ते. त्यातले १० लिटर म्हणजे वरचं झाकण उचलून, आतला गळा वर ओढून मिळणारी जागा. जागा खरी आहे, पण ती तुमच्या डोक्याच्या मागे, सगळ्यात वर. तिथे वजन गेलं की चढावर सॅक मागे खेचते आणि कारवीच्या दाटीतून वाकून जाताना फांद्यांत अडकते. परतीच्या दिवशी घाईघाईत कोंबलेल्या ओल्या कपड्यांसाठी ती ठीक. रोजच्या हिशोबात धरू नये.

दुसरी गंमत म्हणजे नावातला आकडा कधीकधी एकाच मापाचा असतो. सॅकनाही शर्टासारखी स्मॉल-मीडियम-लार्ज मापं असतात, पाठीच्या लांबीप्रमाणे. पाठ लांब तर सॅक उंच, सॅक उंच तर लिटर जास्त. एकाच मॉडेलच्या दोन मापांत दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. नावात मात्र एकच आकडा.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्यातला इंजिनियर स्वस्थ बसेना. घरी माझी जुनी सॅक होती, लेबलवर ४५. आणि फ्लॅटमध्ये एक फाटायला आलेली बीन बॅग होती, तिच्यात थर्माकोलच्या गोळ्या. मोजपात्र म्हणून ५ लिटर तेलाचा रिकामा कॅन वरून कापला, आत लिटरभर पाणी पाच वेळा ओतून मार्करने खुणा केल्या. झाली प्रयोगशाळा! रूममेटने आधी हसून घेतलं, मग पंखा बंद करायची सूचना केली (फार मोलाची सूचना, थर्माकोल वापरून बघा म्हणजे कळेल).

निकाल असा आला. मुख्य कप्पा ३४ लिटर. वरचं झाकण ४. समोरचा चेनचा खिसा ३. बंद कप्प्यांची बेरीज ४१. आता बाजूचे जाळीचे खिसे, प्रत्येकी २. एकूण बरोब्बर ४५! म्हणजे कंपनीने एक थेंबही वाढवून सांगितला नव्हता. फक्त बाल्कन्या धरल्या होत्या. आणि ज्या कप्प्यात स्लीपिंग बॅग, कपडे, भांडी, शिधा असा खरा संसार मावायचा, तो ३४ चा होता. माझ्या घरगुती मोजणीत लिटरभर इकडेतिकडे झालं असेल, पण चित्र स्पष्ट होतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीपर्यंतचंच आहे. समजा एका सॅकची रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी २२ आणि उंची ६०. चौकोनी खोका धरला तर ३० × २२ × ६० म्हणजे ३९,६०० घन सेंटिमीटर, अर्थात ३९.६ लिटर. पण कापड तर तेवढंच राहतं ना? घेर १०४ सेंटिमीटर. तोच घेर फुगवून पूर्ण गोल केला तर त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं साधारण ८६० चौरस सेंटिमीटर, आणि ६० उंचीला झाले ५१.६ लिटर. तेच कापड, तीच शिलाई, एक चिंधीही न जोडता ४० चे ५२ लिटर! दिलेल्या घेरात सगळ्यात जास्त जागा वर्तुळात मावते, हे आपण शिकलो होतो, फक्त सॅकला लावलं नव्हतं.

अर्थात खऱ्या सॅकला पाठीकडे फ्रेम असते, त्यामुळे ती पूर्ण गोल होत नाही. पण कडक गोळे दाबून भरले की ती गोलाकडे सरकते हे नक्की. आपण भरतो काय? घडी केलेले कपडे, चपटा डबा, पातेलं, कॅरीमॅट. या गोष्टी कोपऱ्यात घुसत नाहीत, मधे फटी सोडतात. आणि समजा अगदी गोळ्यांसारखी ठासून भरलीच, तर सॅकची जाडी २२ वरून ३३ कडे जाते, म्हणजे वजन पाठीपासून लांब जातं. तुम्ही तोल सावरायला पुढे वाकता आणि संध्याकाळी मान धरते. लिटर वाढले, पण त्यांची किंमत खांद्यांनी मोजली.

आणि एक सूक्ष्म मुद्दा, जो मला प्रयोग करतानाच कळला. बाजूच्या जाळीच्या खिशात २ लिटर गोळ्या मावल्या, पण कधी? मुख्य कप्पा रिकामा असताना. मुख्य कप्पा गच्च भरला की कापड बाहेर ताणलं जातं, खिसा चपटा होतो आणि लिटरची बाटली अर्धीच आत जाते. म्हणजे खिशाची जागा नि आतली जागा एकमेकींकडून उसनी घेतलेली. दोन्ही वेगवेगळ्या मोजून बेरीज केली तर तीच जागा दोनदा मोजली जाते. तुमच्या लक्षात आलं असेल, भरलेल्या सॅकमधून बाटली काढता येते, पण परत घालताना मागच्या माणसाला हाक मारावी लागते. कारण हेच!

"एवढा कीस कशाला पाडायचा? सरळ मोठी घ्यावी, जास्त झाली तर रिकामी राहील," असं आमचा टीम लीड म्हणाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की काम हे उपलब्ध वेळेइतकं फुगत जातं. आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. सामानाचंही तसंच. ७० ची सॅक रिकामी राहतच नाही. जागा दिसते म्हणून दुसरी जीन्स जाते, स्पीकर जातो, 'असू दे' म्हणून चादर जाते. शिवाय ४५ ची फ्रेमवाली सॅक रिकामी असताना सव्वा-दीड किलोची असते, तर ७० ची दोन किलोच्या वर. आणि अर्धी भरलेली मोठी सॅक आतल्या आत हिंदकळते ते वेगळंच.

पण लहान आकडा जास्त धोकादायक. मोठ्या सॅकने पाठ दुखते, लहान सॅकने सामान बाहेर येतं. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढताना मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी: नळीची वाट म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ, मधे हातापायांनी चढायचे कातळटप्पे, आणि उजाडताना निघालं तरी माथ्यावर पोचेपर्यंत दिवस जातो. आमच्यातल्या एकाच्या सॅकवर '५०' लिहिलेलं होतं, पण हिवाळ्याची जाडी स्लीपिंग बॅग आत गेल्यावर बाकीचं मावेना. मग मॅट बाजूला आडवी बांधली, टोप नि जॅकेट मागे लटकावलं. घळीत चालताना काही वाटलं नाही. एका कातळटप्प्यावर अंग आडवं करून सरकताना मॅटचं टोक खडकाला टेकलं आणि त्याने अख्खा माणूस बाहेर ढकलला. जोरात नाही, हलकेच, बसमध्ये कुणी कोपर लावावं तसं. पण खाली बघायला चांगलंच अंतर होतं. वरच्याने त्याच्या सॅकचा वरचा बंद पकडून धरला, खालच्याने पाय टेकवून दिला, आणि मिनिटभर आम्ही कुणीच काही बोललो नाही. नंतर सॅक काढून घेतली, दोराने वेगळी वर ओढली.

त्या मॅटचा दोष नव्हता, मुलाचाही नव्हता. त्याने ५० वाचलं होतं नि ५० चा हिशोब केला होता. फरक फक्त एवढाच की लेबलवरचे पन्नास आणि त्याच्या डोक्यातले पन्नास वेगवेगळे होते. फ्लॅटमध्ये शंभर स्क्वेअर फूट कमी निघाले तर माणूस चरफडतो आणि फोल्डिंगचं डायनिंग टेबल आणतो. इथे कमी पडलेले आठ-दहा लिटर कातळावर लटकत असतात.

मग करायचं काय? उलटीकडून सुरुवात करायची. आधी सामान मोजायचं, मग सॅक. त्यासाठी हापिसातली एक वस्तू फार कामाची आहे, ती म्हणजे ए-फोर कागदाच्या ५ रीमांचा खोका. कागद २१ × २९.७ सेंटिमीटर, एक रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड, पाच रीम म्हणजे २५. गुणाकार करा, जवळजवळ १६ लिटर. अ‍ॅडमिनवाल्या काकांना सांगितलं की ते आनंदाने दोन-तीन खोके देतात. घरी आणा, आणि नेहमीच्या एका मुक्कामाच्या ट्रेकला जे नेता ते सगळं त्यात भरा. सॅकमध्ये जसं भराल तसं, उगाच कलाकुसर न करता.

माझा एका रात्रीचा हिशोब सांगतो. स्लीपिंग बॅग (साधी, कापसासारख्या सिंथेटिक भरावाची) आवळून ९ लिटर. कपडे ४. विंडचीटर २. शिधा ४. स्टोव्ह, टोप, ताटली मिळून ४. टॉर्च, औषधं, दोरी, सटरफटर २. पाणी ४, कारण दिवाळीनंतर सह्याद्रीत वाटेवरच्या पाण्याचा भरवसा नसतो आणि टाक्यापर्यंत पोचेतो आपलंच पाणी लागतं. एकूण २९. वर फटींसाठी पंधरा-वीस टक्के धरले की ३५. म्हणजे मला बंद कप्प्यांचे ३५ ते ४० लिटर हवेत. कॅरीमॅट बाहेर, पण उभी आणि दोन्ही टोकांना आवळलेली. पावसाळ्यात पाणी कमी, पण ओल्या कपड्यांची पिशवी वाढते, फिट्टंफाट. हिमालयात तंबू नि जेवण आयोजकांचं असेल तरी थंडीचे कपडे वाढतात, त्यामुळे ५० ते ६० लागतात. तंबूही आपणच नेणार असू तर त्याचे लिटर वेगळे मोजा.

आता हा आकडा घेऊन दुकानात जा, आणि 'किती लिटर?' हा प्रश्न विचारूच नका. विचारा, "मुख्य कप्पा किती? हे बाजूचे खिसे धरलेत का?" दुकानदाराला माहीत नसेल तर खिशातून मेजरिंग टेप काढा. उंची × रुंदी × जाडी, भागिले हजार. चौकोनी आकाराची सॅक असेल तर उत्तर जवळपास खरं, वरखाली निमुळती किंवा गोलसर असेल तर वीसेक टक्के कमी धरा. पाठीकडे जाळी ताणून हवेसाठी पोकळी ठेवलेली असेल तर आतून हात फिरवून बघा, फ्रेम आत वळलेली असते. अशा सॅकने पाठ कोरडी राहते, पण पातेलं उभं राहत नाही.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: आपली स्लीपिंग बॅग नि पातेलं घेऊनच दुकानात जा. लोक बघतील, बघू देत. कागद भरून फुगवलेली सॅक शोकेसमध्ये सगळीच छान दिसते. सामान आत घाला, पाण्याची भरलेली बाटली शेवटी बाजूच्या खिशात घालून बघा, कमरेचा पट्टा आवळा आणि दुकानातच दोनदा खाली वाकून उठा. सॅक डोक्याला लागत नसेल, बाटली आत जात असेल आणि बाहेर काही लटकत नसेल, तर लेबलवर ३८ असो की ५०, ती तुमची सॅक.

नळीच्या वाटेवरच्या आमच्या त्या मित्राने पुढच्याच महिन्यात नवी सॅक घेतली. दुकानात जाताना दोन खोक्यांचं सामान एका पोत्यात भरून घेऊन गेला होता. दुकानदाराला वाटलं, काहीतरी परत करायला आलाय!

असो. पावसाळा तोंडावर आलाय, खोके मिळवा. तुमचे किती लिटर भरतात ते जरूर कळवा, तुलना करायला मजा येईल :)